चालून दाखवा

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. डावा, लाकडाचा, गुडघ्याखालचा. हल्ली माझा मुक्काम माजी सैनिकांच्या मदतीसाठी उघडलेल्या एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत असतो. लोखंडी मांडणीच्या सर्वांत खालच्या खणात मी आडवा पडून आहे. बाजूला कुबड्यांची मोळी आहे आणि एक चाक हरवलेली ढकलखुर्ची आहे. झाडणारा माणूस येतो तेव्हा झाडू माझ्यापर्यंत न आणताच परत फिरतो. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला राग आलेला आहे आणि तो लपवायचा माझा मुळीच विचार नाही. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी एखाद्या छत्रीचं नाहीतर फुटक्या पाटीचं आत्मवृत्त वाचावं.

माझा जन्म एका लष्करी इस्पितळाच्या आवारातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक खोली. एका टोकाला सुतारकाम, दुसऱ्या टोकाला चामड्याचं काम आणि मध्ये प्लास्टरच्या भुकटीने पांढरी झालेली माणसं. मला घडवणारा कारागीर तोंडाने भलताच फटकळ होता. लाकडाच्या ठोकळ्यावर टिचकी मारून तो कान लावून ऐके आणि आत गाठ आहे असं वाटलं की त्या ठोकळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. माझ्यात त्याला गाठ सापडली नाही. त्याने मला तासलं, घासलं, खाली रबराचं पाऊल जोडलं आणि वर चामड्याचे पट्टे लावले. सर्वांत जास्त वेळ त्याने माझी वाटी कोरण्यात घालवला. वाटी म्हणजे माझ्या वरच्या टोकाची पोकळी, जिच्यात माणसाचा उरलेला पाय बसतो. ती प्रत्येकाच्या मापाने वेगळी कोरावी लागते. घट्ट झाली तर ती चावते आणि सैल झाली तर घासते. एवढं लक्षात ठेवलंत तरी माझ्या पुढच्या आयुष्यात काय बिघडलं ते तुम्हाला समजेल.

ज्यांच्या मापाने मी घडलो ते एक हवालदार होते. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. सरहद्दीवर त्यांचा डावा पाय सुरुंगावर पडला होता. सर्जनने त्यांचा गुडघा मात्र मोठ्या मिनतवारीने वाचवला होता आणि खाटेजवळ उभं राहून त्यांना बजावलं होतं, ‘गुडघा जिवापाड जपा. गुडघा आहे तोवर जिना चढाल, उकिडवे बसाल, सायकल चालवाल. तो गेला तर यातलं काही उरणार नाही.’ हे बोलणं हवालदार पुढे घरात इतक्या वेळा ऐकवत की त्यांची बायको त्यांच्याआधीच ते पुरं करून टाकी.

चालायला शिकवायला इस्पितळात एक बाई होत्या. अंगाने काडी, पण आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरं उडत. दोन आडव्या दांड्या, समोर पुरुषभर उंचीचा आरसा आणि मागे त्या बाई. हवालदार लंगडले की त्या म्हणायच्या, पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरच्या माणसाला तुमचा कुठला पाय खरा आणि कुठला खोटा ते ओळखू येता कामा नये, अशी त्यांची शिकवण होती. हवालदारांनी ते हुकूम म्हणून घेतलं. एकदा ते टॉवेलात तोंड खुपसून रडले आणि तोच टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा दांड्यांमध्ये उभे राहिले. शेवटी एके सकाळी ते आरशासमोर असे चालले की बाईंना ‘पुन्हा’ म्हणायला जागाच उरली नाही. मग म्हणाल्या, ‘जा आता घरी.’ मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. आज त्या बाई भेटल्या तर मी त्यांना दोन गोष्टी ऐकवीन.

लष्करातून सुटल्यावर हवालदारांना पाणीखात्यात नोकरी लागली. घरोघर जाऊन पाण्याचं मीटर वाचायचं. तुमच्या घरचं मीटर कुठे आहे ते कधी पाहिलंत का? ते नेहमी अडचणीत असतं. जिन्याखाली, नाहीतर भिंतीलगतच्या खड्ड्यात. तिथे उकिडवं बसायचं, काचेवरची माती रुमालाने पुसायची, आकडा वाचायचा आणि उठायचं. दिवसभर हेच. उठताबसताना सगळा भार हवालदारांच्या गुडघ्यावर आणि माझ्यावर यायचा. गुडघा वाके आणि मी त्याच्या मागोमाग जाई. आमची जोडी झकास जमली होती.

लग्न ठरवायला गेले तेव्हा हवालदारांनी मला लपवलं नाही. बैठकीत सर्वांसमोर त्यांनी बोटाच्या पेराने माझ्यावर टक टक केलं आणि पुढचं काय ते तुम्ही ठरवा, असं सांगितलं. दाराआड उभी असलेली मुलगी म्हणाली, ‘बरंच आहे की, सर्दी झाली तर एकाच पायाला तेल चोळावं लागेल.’ तीच त्यांची बायको झाली. लोकांनी काहीही म्हणावं, माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. रात्री मला पुसून भिंतीशी उभं करायचं काम तिने आपणहून घेतलं. त्यांची लेक तर माझ्याच आधाराने उभी राहायला शिकली. बापाने वर्तमानपत्रातून मान वर काढावी असं वाटलं की ती येऊन माझ्यावर टकटक करायची. ते दिवस चांगले होते.

याच काळात ही कचेरी नव्या इमारतीत आली. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि कोणाच्या तरी मनात आलं की पाय गमावलेला एखादा जवान गणवेशात पायऱ्या चढताना दाखवावा. हवालदारांना बोलावणं आलं. त्यांनी गणवेश इस्त्री केला, पदकं लावली, माझ्या चामड्याला पॉलिश केलं. आम्ही त्या सगळ्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढलो. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. पायऱ्यांवरचा एक मोठा फोटो काचेत घालून कचेरीच्या दर्शनी दालनात टांगला गेला आणि खाली ‘जिद्द’ असं लिहिलं गेलं. मला वाटलं, या इमारतीत आपली कायमची ओळख झाली. ओळख झाली, पण नको तशी.

वर्षं गेली. मित्रांनो, वयाबरोबर माणसाचा पाय वाळतो, लाकूड मात्र होतं तसंच राहतं. माझी वाटी त्यांना सैल पडायला लागली. हवालदारांनी आधी एक मोजा घातला, मग त्यावर दुसरा, मग कापूस भरला. सैल वाटीत त्यांचा उरलेला पाय पावलागणिक वरखाली व्हायचा आणि माझी कड नेमकी एकाच जागी घासायची. मी काही मुद्दाम करत नव्हतो. पण घासणारा मीच होतो आणि मला ते समजत होतं. तिथे लाल चट्टा आला, मग फोड आला, मग जखम झाली. दिवसा ती मोज्यात भिजायची आणि संध्याकाळी हवालदार मोजा काढताना दातांत टॉवेल धरायचे. चालताना मात्र तेच ताठ पाऊल. बघणाऱ्याला काही म्हणता काही दिसायचं नाही.

शेवटी बायको त्यांना धरूनच कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी जखम बघितली, मग मला उलटंपालटं करून बघितलं.

‘हा पाय आता यांच्या मापाचा राहिलेला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘यावर असंच चालत राहिलात तर जखम हाडात जाईल. मग गुडघा ठेवता येणार नाही, वरून कापावं लागेल. नवा पाय करून घ्या, आणि दिरंगाई करू नका.’

उपाय इतका सोपा होता. नवी वाटी, नवा पाय, आणि गुडघा वाचला असता. पण मी सरकारी मालमत्ता. नवा पाय द्यायचा तो या कचेरीने. तिची मंजुरी असल्याशिवाय कारखाना साचा घेत नव्हता आणि बाहेरून पाय करून घेणं मीटर वाचणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून आम्ही इथे आलो.

त्या दर्शनी दालनात भिंतीलगत बाकं होती आणि बाकांवर माझ्या हवालदारांसारखे पुष्कळ जण. कोणाचा हात नव्हता, कोणाला ऐकू येत नव्हतं, कोणाचं सगळं अंग धडधाकट होतं पण झोप गेली होती. दालनाच्या दाराची स्प्रिंग तुटली होती, त्यामुळे कोणी आलं-गेलं की दार धाडकन आपटे. दर वेळी बाकांवरची निम्मी माणसं डोकं खाली घालून वाकत आणि मग एकमेकांकडे न बघता पुन्हा सरळ बसत. खिडकीमागच्या कारकुनाला याची मोठी गंमत वाटायची. ती स्प्रिंग बदलावी असं त्या इमारतीत कोणालाही सुचलं नाही. मला तर वाटतं, ज्या कचेरीला दार नीट लावता येत नाही तिने माणसांना तपासायच्या भानगडीत पडू नये.

तपासणीची खोली आत होती. जमिनीवर भिंतीपासून टेबलापर्यंत एक पिवळा पट्टा रंगवला होता. टेबलामागे तपासनीस बसे आणि अर्जदाराला म्हणे, ‘चालून दाखवा.’ ज्याच्याकडे आधीच एक पाय आहे तो त्या पायावर चालू शकतो की नाही, एवढंच तो बघे. चालू शकत असेल तर नव्याची गरज सिद्ध होत नाही, असा नियम. पाय काढून जखम बघायची म्हटलं तर त्याला डॉक्टर लागतो आणि कचेरीच्या डॉक्टरांची जागा रिकामी होती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी चालत नव्हती, कारण त्या बाहेरच्या.

बाकांवरच्या जुन्या खोडांना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्यापैकी एकाने हवालदारांना हळूच सांगितलंही, की आत जाताना जरा पाय ओढत जा. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. त्यांची दुखणी खोटी नव्हती. पण हवालदारांना तो सल्ला म्हणजे अपमान वाटला. आपण लबाडी करायला आलेलो नाही, असं ते म्हणाले, आणि नाव पुकारल्यावर त्या पिवळ्या पट्ट्यावरून असे चालत गेले की आरशावाल्या बाईंनी पाठ थोपटली असती. मोज्यात जखम भळभळत होती. मला ती ओल जाणवत होती. वरून पाहणाऱ्याला फक्त कडक इस्त्रीची विजार दिसत होती.

तपासनीस खूश झाला. त्याने बाहेरच्या भिंतीकडे मान वळवून विचारलं, तो पायऱ्यांवरचा फोटो तुमचाच ना? हवालदार हो म्हणाले. ‘वाटलंच मला,’ तो म्हणाला आणि शिक्का मारला. गरज सिद्ध होत नाही. पुढची तपासणी अर्धं वर्ष उलटल्याशिवाय होणार नव्हती.

घरी आल्यावर बायकोने गरम पाणी घेतलं, जखम धुतली आणि तोंडाचा पट्टा सोडला. जन्मभर संचलन केलंत तेवढं पुरलं नाही का, तिथे कोण तुम्हाला पदक देणार होतं, असं बरंच काही ती बोलली. हवालदार एकच शब्द बोलले, ‘सवय.’ ती आणखी भडकली. मग तिचा आवाज एकदम खाली आला आणि ती म्हणाली, ‘तुमचा ताठा तुम्हाला लखलाभ. पण गुडघा तुमच्या एकट्याचा नाही. उद्या तो गेला तर तुम्हाला उचलून बसवणार कोण आहे? मीच ना?’ दुसऱ्या दिवशी हवालदारांनी आपल्या दोस्ताला बोलावणं धाडलं.

दोस्त एकेकाळी तोफखान्यात होता. तोफांनी त्याचे दोन्ही कान नेले होते आणि त्या बदल्यात आवाज दिला होता. त्याला सगळे ‘तोफवाले’ म्हणत. तो कुजबुजला तरी तिसऱ्या घरात ऐकू जाई. लंगडायला शिकवायचं त्याने अंगावर घेतलं आणि गच्चीवर वर्ग भरला. त्याने स्वतः लंगडून दाखवलं ते इतकं हुबेहूब, की समोरच्या गच्चीवरच्या बाईंनी काय झालं म्हणून चौकशी केली. हवालदारांना मात्र काही केल्या जमेना. ते पाय ओढायचे, पण दर वेळी तेवढाच आणि ठरलेल्या ठेक्यात. बायको वाळलेले कपडे काढत होती. ती म्हणाली, लंगडताय की कवायत करताय तेच समजत नाही. तिघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

खरं सांगायचं तर यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. जसं दुखत होतं तसं चालायचं होतं, एवढंच. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तोफवाले निघून गेल्यावर आणि बायको खाली गेल्यावर हवालदार गच्चीवर एकटेच उरले. तेव्हा ते तसे चालले. कठड्याला धरून, कण्हत, माझ्यावर भार टाकायला भीत, एक एक पाऊल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यावर खरे चालत होते. मला वाटलं, जमलं, हेच उद्या त्या पट्ट्यावर दिसू दे.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी चांगली बातमी कळली. कचेरीला डॉक्टर मिळाले होते, आणि तेही लष्करातले मेजर. बायकोचा चेहरा उजळला. आता तरी कोणी पाय काढून बघेल, असं ती दोनदा म्हणाली. तोफवालेही सोबत आले होते. हवालदार बाकावरून उठले तेव्हा ते त्यांच्या कानाशी ‘लंगड, लंगड’ असं कुजबुजले. अख्ख्या दालनाने ते ऐकलं आणि बाकांवर खसखस पिकली. नशिबाने आतलं दार बंद होतं. हवालदार लंगडतच दारापर्यंत गेले. अगदी कालच्यासारखे, दुखेल तसे. मी जीव मुठीत धरून होतो.

दार उघडलं. टेबलामागे एक तरुण मेजर बसले होते, अंगावर पुरा गणवेश, खांद्यावर हुद्द्याची चिन्हं.

मित्रांनो, पुढे जे झालं ते हवालदारांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते आपोआप झालं. टाच टाचेला भिडली, पाठीचा कणा ताठ झाला, हात कपाळाशी गेला. मेजर लगेच उभे राहिले आणि त्यांनी सलाम परत केला. मग म्हणाले, ‘चालून दाखवा, हवालदार.’ आणि हवालदार चालले. कसे चालले ते मी आता सांगत बसत नाही.

मेजरांनी पुढचा प्रश्न विचारला. तो त्यांनी आपुलकीने विचारला, हेही सांगितलं पाहिजे.

‘काही तक्रार?’

आता तुम्हाला पलटणीतली एक रीत सांगतो. साहेब जेवणघरात येतो, बराकीत येतो, इस्पितळात खाटेपाशी येतो आणि विचारतो, काही तक्रार? जेवण करपलेलं असू दे, छप्पर गळत असू दे, पाय उडालेला असू दे, जवानाचं उत्तर एकच असतं. सुरुंग फुटल्यावर तिसऱ्या दिवशी हवालदारांनी तेच उत्तर दिलं होतं. आताही त्यांनी तेच दिलं.

‘नाही साहेब.’

‘शाब्बास,’ मेजर म्हणाले. गरज सिद्ध होत नाही.

बाहेर बायकोने हवालदारांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तोफवाले काय झालं, काय झालं म्हणून मोठ्याने विचारत राहिले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते सांगवत नाही. घर चालायचं तर मीटर वाचणं भाग होतं. हवालदार खड्ड्यांपाशी उकिडवे बसत आणि उठताना भिंतीला नखं रोवत. कापूस वाढला, पट्टे आणखी आवळले. मग ताप आला. एका दुपारी ते कोणाच्या तरी जिन्याखाली बसले ते उठलेच नाहीत. घरमालकाने त्यांना इस्पितळात पोचवलं. तिथे मला काढून खाटेखाली ठेवलं. खाटेखालून मला डॉक्टरांचं बोलणं ऐकू आलं. जखम हाडात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच, अगदी त्याच शब्दांत. हवालदारांना नेलं आणि परत आणलं तेव्हा गुडघा नव्हता.

कचेरीला हे कळवल्यावर काय झालं असेल? मंजुरी आली. इतकी झटपट आली की बायकोला खोटंच वाटलं. गरज सिद्ध झाली होती. नवा पाय तयार आहे, जुना सोबत आणून जमा करावा, असा निरोप होता. बायकोने हवालदारांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ढकलत ढकलत कचेरीत आणलं. पायऱ्यांपाशी चार माणसांनी खुर्ची उचलली. ज्या पायऱ्यांवर आम्ही टाळ्या घेतल्या होत्या त्याच त्या पायऱ्या.

भांडारवाल्याने नवा पाय टेबलावर ठेवला. देखणा होता. हलका, गुळगुळीत, नव्या चामड्याचा वास येणारा. बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग हवालदारांच्या रिकाम्या विजारीकडे, मग परत त्याच्याकडे.

‘अहो, हा तर गुडघ्याखालचा आहे,’ ती म्हणाली.

‘अर्ज गुडघ्याखालच्याच पायाचा होता,’ भांडारवाला म्हणाला. ‘जुन्या मापावरून केलाय. वरचा पाय हवा असेल तर नवीन अर्ज करा. चालण्याची तपासणी होईल, मग बघू.’

बायकोने मेजरांना बाहेर बोलवा म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही, पण खुर्चीच्या दांड्यावरचा हात पांढरा पडला होता. मेजर आले. त्यांनी हवालदारांना पाहिलं आणि ते दारातच थबकले. चेहरा उतरला. वाईट माणूस असता तर मला त्याचा द्वेष करणं सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, ‘हवालदार, तुम्ही मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं.’

हवालदारांनी खाली पाहिलं. बोलली ती बायको.

‘साहेब, तुम्हीही पलटणीतलेच ना? आजवर तुम्ही तक्रार विचारल्यावर कोणी जवान कधी हो म्हणालाय का तुम्हाला?’

उत्तर मेजरांना ठाऊक होतं. त्या दिवशी प्रश्न विचारतानाही ते ठाऊक होतंच, फक्त तेव्हा ते त्यांना आठवलं नाही, एवढंच. आणि म्हणून मी त्यांना क्षमा करायला तयार नाही.

‘अगं, साहेबांशी असं बोलू नये,’ हवालदार हलकेच म्हणाले.

मग भांडारवाल्याने मला त्यांच्या मांडीवरून उचललं. हवालदारांचा हात माझ्यामागे थोडा पुढे आला आणि परत गेला. मेजर खुर्चीजवळ वाकले. मी त्या वेळी भांडारवाल्याच्या काखेत उलटा लटकलो होतो, पण सगळं ऐकत होतो. त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘आता काही तक्रार आहे का, हवालदार?’

खुर्चीत बसल्या बसल्या हवालदारांची पाठ ताठ झाली.

‘नाही साहेब,’ ते म्हणाले.

तो नवा पाय त्यांनी नेला नाही. न्यायचा तरी कशाला? तो आता माझ्याच खणात, माझ्याच शेजारी असतो. पोर आहे अजून, एकही पाऊल चाललेला नाही. आपल्याला कधी नेणार, असं तो सारखं विचारतो. मी झोपेचं सोंग घेतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्हा जुन्या वस्तूंनी आपली काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. माझी काळजी घेऊ नका. मी लाकूड आहे, मला काही होत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि अशा एखाद्या टेबलामागे बसाल. समोर कोणी ताठ चालत आला आणि ‘नाही साहेब’ म्हणाला, तर शाब्बास म्हणू नका. त्याला बसायला खुर्ची द्या. खाली वाका, त्याचा मोजा स्वतःच्या हाताने उतरवा आणि बघा.